पाच चिठ्ठ्या आणि एक पित्ताची कॅप्सूल

रुग्ण ६८ वर्षांच्या. गाव निफाड तालुक्यातलं, घरची द्राक्षबाग, सध्या मुक्काम नाशिकच्या सिडकोत मुलाकडे. न्हाणीघरात पडून डावं मनगट मोडलं म्हणून आमच्या रुग्णालयात अस्थिरोग विभागात दाखल झाल्या. हाड बसवलं, प्लास्टर झालं, दुसऱ्या दिवशी घरी जायचं ठरलं. ६५ वर्षांवरचा रुग्ण आणि पाचपेक्षा जास्त औषधं असतील तर घरी सोडण्याआधी औषधांची यादी औषधशास्त्र विभागातून तपासून घ्यायची, असा आमच्याकडे शिरस्ता आहे. त्यानुसार त्यांचा केस पेपर माझ्यासमोर आला. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही बारीक तपशील बदलले आहेत. औषधं, त्यांचा क्रम आणि तपासण्यांचे आकडे होते तसेच ठेवले आहेत.

केस पेपरवर आधीचे आजार म्हणून लिहिलं होतं: उच्च रक्तदाब, गुडघ्यांची झीज, कंपवात (पार्किन्सन), बद्धकोष्ठता, निद्रानाश. पाच आजार आणि दहा औषधं. वाचताना कुठेही खटकत नाही. या वयात एवढं असतंच, असं म्हणून पान उलटलं जातं.

वॉर्डात गेले तेव्हा मावशी खाटेवर टेकून बसल्या होत्या. चेहऱ्यावर हालचाल जवळजवळ नाही. दोन्ही हात सारखेच थरथरत होते, प्लास्टरमधला हातसुद्धा. हनुवटीलाही बारीक कंप. कोपर वाकवून पाहिलं तर हात अडखळत, टप्प्याटप्प्याने वाकत होता. रात्री त्या गोंधळतात, घरातल्या माणसांना भलत्याच नावाने हाका मारतात, असं सुनेने सांगितलं. रक्तात सोडियम १२९, म्हणजे कमी; मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.५, म्हणजे वाढलेलं. रक्तदाब झोपून १२८/७६, उभं केल्यावर १०४/६४.

मुलाला म्हटलं, घरातली सगळी औषधं आणि जुन्या चिठ्ठ्या घेऊन या. 'सगळी' म्हणजे रोजची, अधूनमधूनची, मेडिकलमधून नुसती मागून आणलेली, बाम आणि चूर्णंसुद्धा. संध्याकाळी तो साडीच्या दुकानाची एक मोठी पिशवी घेऊन आला.

पिशवीत काय होतं

टेबलावर सगळं मांडलं. एका बाजूला पाकिटं, दुसऱ्या बाजूला चिठ्ठ्या. चिठ्ठ्या पाच, लिहिणारे डॉक्टर चार. औषधांची उत्पादनं दहा. पण पाकिटावरचं ठळक नाव सोडून खालचा बारीक मजकूर वाचत गेलं की दहापेक्षा जास्त वेगवेगळे घटक निघाले, आणि त्यातलं पँटोप्राझोल दोन ठिकाणी: एकदा नुसत्या गोळीत, एकदा कॅप्सूलमध्ये.

मग चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावल्या. दोन चिठ्ठ्यांवर तारीख नीट लागत नव्हती. तिथे मावशींचं बागेचं पंचांग उपयोगी पडलं. नाशिककडच्या द्राक्षशेतीत वर्षाला दोन छाटण्या: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. त्यानंतर घडांची विरळणी. दिवसा शुद्धीवर असताना मावशींना तारखा आठवत नव्हत्या, पण बागेत कुठलं काम चालू होतं ते चोख आठवत होतं. वृद्ध रुग्णाकडून औषधाचा इतिहास घेताना 'कोणत्या महिन्यात' असं विचारून हाती काही लागत नाही. सण, पेरणी, लग्नकार्य धरून विचारलं की सगळं बाहेर येतं.

पहिली चिठ्ठी मे महिन्यातली. छाटणीच्या दिवसांत उभं राहून गुडघे धरले होते. गावाजवळच्या डॉक्टरांनी अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी दिवसातून दोनदा, सोबत सकाळी पँटोप्राझोल, आणि कॅल्शियमची गोळी लिहिली. मुदत स्पष्ट: १० दिवस. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम आधीपासून होतं, तेही त्यांनी नोंदवलं होतं. चिठ्ठी म्हणून चांगली. दहा दिवसांनी गुडघा पुन्हा दुखला, तेव्हा घरच्यांनी तीच चिठ्ठी मेडिकलमध्ये दाखवून पुढचं पाकीट आणलं. मग त्याच्या पुढचं. थोड्या दिवसांनी चिठ्ठी न्यायचीही गरज राहिली नाही, रिकामं पाकीट पुरेसं झालं.

दुसरी चिठ्ठी ऑगस्टमधली, नाशिक शहरातली. रक्तदाब १६४/९२. फिजिशियननी अ‍ॅम्लोडिपिन चालू ठेवून टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइडची एकत्र गोळी वाढवली. गुडघ्याच्या गोळीतल्या अ‍ॅसिक्लोफेनॅकच्या जातीच्या वेदनाशामकांमुळे शरीरात मीठ आणि पाणी साठतं, रक्तदाब चढतो, आणि नेमका टेल्मिसार्टन व थायझाइड यांच्या कामातच ती अडथळा आणतात. शिवाय वेदनाशामक, टेल्मिसार्टनसारखं औषध आणि लघवी वाढवणारं औषध हे त्रिकूट एकत्र आलं की मूत्रपिंडावर तिन्हीकडून ताण येतो. दाखल होताना आढळलेलं १.५ क्रिएटिनिन आम्ही त्या खात्यावर धरलं. थायझाइड आणि वृद्ध स्त्री म्हटलं की सोडियम उतरण्याची धास्ती असतेच. इथे ते १२९ पर्यंत आलं होतं.

पण या फिजिशियनना गुडघ्याच्या गोळीची कल्पनाच नव्हती. त्यांनी विचारलं होतं, "आणखी काही औषध चालू आहे?" मावशी "नाही" म्हणाल्या. त्यांच्या हिशेबी तो प्रश्न रक्तदाबाविषयी होता.

तिसरी चिठ्ठी

हीच सगळ्यात साधी दिसते. सप्टेंबरअखेर, गोडी छाटणीच्या जरा आधी. तक्रार: पोटात जळजळ, जेवल्यावर फुगल्यासारखं, ढेकर. तीन-चार महिने रोज दोनदा वेदनाशामक घेतल्यावर जे होणार तेच. चिठ्ठीवर एकच औषध: पँटोप्राझोल ४० आणि लेवोसल्पिराइड ७५ मिलिग्रॅमची हळूहळू विरघळणारी कॅप्सूल, सकाळी उपाशीपोटी, १५ दिवस.

दोन घटकांपैकी पँटोप्राझोल आम्ल कमी करतं, ते सर्वांना ठाऊक आहे. लेवोसल्पिराइडची ओळख मात्र रुग्णाला नाही, घरच्यांना नाही, आणि माझ्या अनुभवात काउंटरवर उभ्या असलेल्या मुलालाही क्वचितच. डोपामिन हे पेशींना निरोप पोहोचवणारं रसायन, आणि पेशीवर ते जिथे बसतं ते त्याचे ग्राहक (रिसेप्टर). हे औषध डोपामिनचे डी-२ ग्राहक अडवतं. जठर-आतड्यांत ते अडवले की अन्न पुढे सरकण्याचा वेग वाढतो, पोट हलकं वाटतं. तेवढ्यासाठी ते लिहिलं जातं. पण ते मेंदूतही पोहोचतं आणि तिथले डोपामिनचे ग्राहकही अडवतं. कंपवातात मेंदूतलं डोपामिन कमी पडतं. इथे डोपामिन असतं, पण त्याला काम करू दिलं जात नाही. बाहेरून दिसणारं चित्र एकच: हालचाल मंद, स्नायू ताठर, हाताला कंप. वय जास्त असेल आणि रुग्ण स्त्री असेल तर धोका वाढतो. औषध सुरू झाल्यापासून काही आठवड्यांत किंवा महिन्यांत हा त्रास दिसू लागतो. मेटोक्लोप्रमाइडने असं होतं हे आपण वर्गात शिकतो आणि शिकवतो. सिनारिझिन, फ्लुनारिझिन ही चक्कर आणि अर्धशिशीची औषधंही या यादीत आहेत. डॉम्पेरिडोन मात्र मेंदूत सहजासहजी शिरत नाही, त्यामुळे त्या बाजूने ते बरंच सुरक्षित.

इथे पाकीट हातात घेऊन बघण्यासारखं आहे. पित्ताच्या कॅप्सूलची आपल्या बाजारात मोठी कुटुंबं आहेत. मूळ नाव तेच, रंगसंगती तीच, शेवटचं अक्षर तेवढं बदलतं. 'डी' लागलं की आत डॉम्पेरिडोन, 'एल' लागलं की लेवोसल्पिराइड. चकचकीत फॉइलवर घटकांची ओळ इतकी बारीक की मला चष्मा लावूनही पाकीट उजेडाकडे तिरकं धरावं लागलं. ६८ वर्षांच्या बाईला ते वाचता येईल ही अपेक्षाच चूक आहे. नाशिकमध्ये गोळे कॉलनीत औषधांचा घाऊक बाजार आहे. तिथल्या एखाद्या दुकानात उभं राहून या एकाच जातीच्या कॅप्सूलची किती नावं मांडणीवर आहेत हे पाहिलं तर डॉक्टर आणि औषधविक्रेते दोघांनाही हे का जड जातं ते कळतं.

लेवोसल्पिराइड आपल्या राष्ट्रीय आवश्यक औषध यादीत नाही. २०२२ च्या यादीत ३८४ औषधं आहेत. त्यात डॉम्पेरिडोन आणि मेटोक्लोप्रमाइड आहेत, हे नाही. यादीत नाही म्हणजे देऊच नये, असं मी म्हणत नाही. काही रुग्णांत, मोजक्या दिवसांसाठी, पाहून-तपासून त्याला जागा असेल. माझा आक्षेप आहे तो जळजळीवर, वृद्ध रुग्णाला, जोडगोळी म्हणून ते सहज जाण्यावर.

१५ दिवसांची कॅप्सूल सात महिन्यांच्या वर चालली. का थांबवली नाही, असं मुलाला विचारलं. तो सरळ मनाने म्हणाला, "मॅडम, ती तर पित्ताची गोळी. तिने काय होतंय? उलट बाकीच्या गोळ्या पचायला बरी ना."

हा समज त्या एका घराचा नाही. पित्ताची गोळी आपल्याकडे औषधात धरतच नाहीत. पानात मीठ वाढावं तशी ती प्रत्येक चिठ्ठीत येते.

चौथी आणि पाचवी

हात कधीपासून थरथरतात, या प्रश्नावर मावशींनी स्वतःच उत्तर दिलं. "इरळणीला कात्री धरवंना मला. मणी कापायच्या जागी देठच कापला जायचा." विरळणी म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबर. कॅप्सूल सुरू झाल्यापासून दोन-अडीच महिने.

जानेवारीत मुलाने नाशिकला आणलं, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. चालणं मंद, हाताला कंप, चेहरा निर्विकार. निदान कंपवात. लेव्होडोपा-कार्बिडोपा सुरू. महिन्याभरात फारसा फरक नाही म्हणून त्याच कागदावर ट्रायहेक्सिफेनिडिल २ मिलिग्रॅम दोनदा वाढवलं. चालू औषधांच्या रकान्यात 'बीपीच्या गोळ्या, पित्ताची कॅप्सूल' एवढंच लिहिलेलं आहे. म्हणजे विचारलं होतं, आणि सांगितलंही होतं. फक्त कॅप्सूलच्या पोटात काय आहे ते ना सांगणाऱ्याला माहीत होतं, ना ऐकणाऱ्याने पाकीट मागितलं.

खऱ्या कंपवातापेक्षा वेगळं वाटावं असं त्यात बरंच होतं. मूळ आजार बहुधा एका बाजूने सुरू होतो आणि वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो. इथे दोन्ही हात एकदम, आणि तीन महिन्यांत चालण्यापर्यंत मजल. लेव्होडोपाने म्हणावा तसा आराम नाही. हे मागे वळून पाहताना सोपं दिसतं, हे मी मान्य करते. दहा मिनिटांच्या तपासणीत, बाहेर पन्नास माणसं खोळंबलेली असताना, ते तितकं सोपं नसतं.

पाचवी चिठ्ठी मार्चमधली, पुन्हा फिजिशियनकडची. शौचाला होत नाही, रात्री झोप नाही, बडबड. लॅक्ट्युलोजचं सिरप आणि रात्री क्लोनाझेपाम. ट्रायहेक्सिफेनिडिलमुळे वृद्धांना बद्धकोष्ठ होतो, तोंड कोरडं पडतं, गोंधळ उडतो. उतरलेल्या सोडियमने गोंधळ वाढतो. लेव्होडोपाने काहींना भास होतात. आणि त्यावर झोपेची गोळी.

त्यानंतर महिन्याभरातच मावशी न्हाणीघरात पडल्या.

एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजून त्यावर दुसरं औषध देणं, मग दुसऱ्याच्या दुष्परिणामावर तिसरं, या साखळीकडे पॉला रोशन आणि जेरी गुरविट्झ यांनी १९९०च्या दशकात वैद्यकविश्वाचं लक्ष वेधलं. त्यांच्या उदाहरणांत मेटोक्लोप्रमाइडनंतर सुरू होणारं लेव्होडोपा हेही होतं. आमच्या टेबलावरची साखळी अशी लागत होती: गुडघ्याची गोळी, तिच्यामुळे वाढलेला रक्तदाब आणि पित्त, पित्तावरच्या कॅप्सूलने कंप, कंपावरच्या गोळीने बद्धकोष्ठ आणि गोंधळ, गोंधळावर झोपेची गोळी, आणि शेवटी मोडलेलं मनगट. केस पेपरवरच्या पाच आजारांपैकी मुळातले दोनच.

चिठ्ठ्यांच्या अभ्यासात हे का सापडलं नसतं

आता मुख्य मुद्द्याकडे येते.

औषधांच्या सुयोग्य वापराची जी व्याख्या आज जगभर वापरतात ती १९८५ च्या नैरोबी परिषदेतून आली. रुग्णाच्या गरजेनुसार औषध, त्याला लागू पडेल एवढी मात्रा, पुरेसा काळ, आणि त्याला व समाजाला कमीत कमी पडेल अशी किंमत. ती मोजायची कशी, याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये दिली. त्यात चिठ्ठीविषयी पाच निर्देशांक आहेत. एका भेटीत सरासरी किती औषधं, त्यातली किती ब्रँडऐवजी मूळ (जेनेरिक) नावाने लिहिली, किती भेटींत प्रतिजैविक, किती भेटींत इंजेक्शन, आणि किती औषधं आवश्यक औषधांच्या यादीतली. असा अभ्यास करायचा तर निदान ६०० भेटींच्या नोंदी घ्याव्यात, असं ती पद्धत सांगते. गेली तीस वर्षं खेड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून मोठ्या रुग्णालयांपर्यंत याच पाच प्रश्नांवर अभ्यास होत आले. त्यांचं मोल मोठं आहे. इंजेक्शनांचा आणि प्रतिजैविकांचा अतिरेक नजरेस आणून द्यायला हे आकडे फार कामाला येतात.

आम्ही या पाचही चिठ्ठ्या त्या चाळणीतून काढल्या. प्रतिजैविक: एकाही चिठ्ठीत नाही. इंजेक्शन: नाही. एका चिठ्ठीत नव्याने लिहिलेली औषधं: जास्तीत जास्त तीन. मात्रा आणि मुदत: बहुतेक ठिकाणी लिहिलेली. गुण गेले ते ब्रँडच्या नावांमुळे आणि दोन औषधं आवश्यक यादीबाहेरची असल्यामुळे, अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि लेवोसल्पिराइड. हे पाच कागद सहाशे कागदांच्या गठ्ठ्यात मिसळले असते तर सरासरी खाली ओढण्याऐवजी त्यांनी वरच नेली असती.

कारण उघड आहे. हे निर्देशांक भेट मोजतात. माणूस मोजत नाहीत. आणि रुग्णाला झालेला अपाय या कागदांपैकी एकाही कागदात नव्हता, तो दोन कागदांच्या मधल्या जागेत होता. कुठल्या तक्रारीसाठी औषध दिलं, ती तक्रार आधीच्या औषधाने आली का, आणि मुदत संपल्यावर ते खरंच थांबलं का, हे तीन प्रश्न एकेका चिठ्ठीला विचारून उत्तर मिळत नाही. चिठ्ठ्या तारखेने लावून विचारावे लागतात.

२०१९ पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात, दिलेल्या चिठ्ठीची चिकित्सा विद्यार्थ्याला करता आली पाहिजे, अशी अट आहे. चांगली अट आहे. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळला, राज्यभरातली मुलं त्याच्या छत्राखाली शिकतात, म्हणून नाशिककर शिक्षक या नात्याने मला हे आग्रहाने सांगायचं आहे: मुलांच्या हातात एक चिठ्ठी देऊ नका, एका रुग्णाच्या वर्षभराच्या चिठ्ठ्या द्या. एका चिठ्ठीत ती अक्षर, ब्रँड, सही, नोंदणी क्रमांक शोधतात. पाच दिल्या की विचार करायला लागतात. आमच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना हीच पाच पानं नावं झाकून दिली. लेवोसल्पिराइडवर बोट ठेवायला त्यांना फार वेळ लागला नाही, कारण क्रम समोर होता.

काय काढलं, कोणत्या क्रमाने

सगळं एकदम बंद करणं हा सोपा आणि घातक मार्ग. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी अशी कॅप्सूल असेल तर त्यांनीही आपल्या मनाने काही थांबवू नये. पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जावं.

आमच्या रुग्णालयातले फिजिशियन, मेंदूविकारतज्ज्ञ आणि आम्ही एकत्र बसून ठरवलं. वेदनाशामक, थायझाइड आणि लेवोसल्पिराइड त्याच दिवशी बंद. टेल्मिसार्टन क्रिएटिनिन उतरेपर्यंत थांबवलं. गुडघ्यासाठी लागेल तेव्हा पॅरासिटामॉल, वरून लावायला जेल, आणि मांडीचे स्नायू बळकट करण्याचे व्यायाम. दुहेरी पँटोप्राझोलमधलं एक लगेच गेलं, दुसरं काही आठवड्यांनी, कारण बरेच महिने घेतल्यावर ते एकदम सोडलं की आम्ल उसळी मारतं. ट्रायहेक्सिफेनिडिल आणि क्लोनाझेपाम हळूहळू कमी करत बंद. लेव्होडोपा सर्वांत शेवटी काढायचं, ते मेंदूविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, असं ठरलं.

सोडियम आठवड्यात १३६ वर आलं आणि रात्रीची बडबड थांबली. बद्धकोष्ठाची तक्रार ट्रायहेक्सिफेनिडिल गेल्यावर मिटली. कंप मात्र लगेच गेला नाही. औषधाने आलेला कंपवात औषध बंद केल्यावर आठवड्यांत किंवा महिन्यांत उतरतो. काहींचा राहतो, कारण आत दबा धरून बसलेला खरा आजार औषधाने वर आणलेला असतो. मुलाला हे आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून तो धीराने थांबला. प्लास्टर निघालं तेव्हा हनुवटीचा कंप नव्हता. तीन महिन्यांनी त्या आधाराशिवाय चालत बाह्यरुग्ण विभागात आल्या. सहा महिन्यांनी लेव्होडोपाही बंद झालं होतं आणि तपासणीत ताठरपणा सापडला नाही. आता चालू आहे ते अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, कॅल्शियम आणि गरजेपुरतं पॅरासिटामॉल.

घटनेची नोंद आम्ही औषधांच्या दुष्परिणामांची माहिती गोळा करणाऱ्या भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे केली. हा कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला, त्याचं राष्ट्रीय समन्वय केंद्र गाझियाबादला भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. नोंद कुणीही करू शकतं, रुग्णसुद्धा. त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा विनाशुल्क क्रमांक आहे. औषध आणि अपाय यांचा संबंध किती पक्का हे ठरवायला आम्ही १९८१ ची नारांजो मोजपट्टी वापरली. दहा प्रश्न, त्यांना गुण. पहिल्या दिवशी बेरीज ३ आली, म्हणजे संबंध 'शक्य'. वाद पाचव्या प्रश्नावर होता: या त्रासाला दुसरं कारण असू शकतं का? असू शकतं, खरा कंपवात. म्हणून एक गुण वजा. सहा महिन्यांनी तोच प्रश्न पुन्हा घेतला. बाकीची जी औषधं काढली त्यांनी कंप कमी होण्याचं कारण नव्हतं. खरा कंपवात असता तर लेव्होडोपा काढल्यावर तो उलट वाढायला हवा होता. वजा एकचे अधिक दोन झाले, औषध थांबवल्यावर सुधारणा झाल्याचा एक गुण मिळाला, बेरीज ७, संबंध 'बहुधा'. सुधारित अहवाल पुन्हा पाठवला. पहिला अहवाल पाठवून फाईल बंद करण्याची सवय सगळीकडे आहे, आणि त्यामुळे अशा घटना कायम 'शक्य'च्याच खान्यात पडून राहतात.

चार डॉक्टर आणि एक मेडिकल

चिठ्ठ्यांचा अभ्यास केला आणि लिहिणाऱ्याला कळवलंच नाही, तर तो निव्वळ प्रबंधाचा मजकूर होतो. रुग्णाच्या घरच्यांची परवानगी घेऊन आम्ही चारही डॉक्टरांना पत्र पाठवलं. दोषारोप नाही, फक्त तारखेनुसार औषधांची एका पानाची पट्टी आणि खाली तपासण्या.

गावाकडच्या डॉक्टरांचा फोन आला. "मी दहाच दिवस लिहिले होते," ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. मग त्यांनी स्वतःहून विचारलं, की दहा दिवसांनी थांबवायचं हे मराठीत लिहिलं तर? तेव्हापासून ते मुदतीखाली 'त्यानंतर बंद' असं लिहितात. कॅप्सूल लिहिणाऱ्या डॉक्टरांनी साठीच्या पुढच्या रुग्णांना हे मिश्रण देणं सोडल्याचं कळवलं. कंपवाताचं निदान करणाऱ्यांनी पट्टीची प्रत मागून घेतली आणि नव्या रुग्णाला पाकिटं घेऊन यायला सांगायची पद्धत सुरू केली. चौथे, म्हणजे रक्तदाबाचे फिजिशियन, यांच्याकडून उत्तर आलं नाही.

मेडिकलचा प्रश्न अवघड. १९४५ च्या औषध नियमावलीतला नियम ६५ सांगतो की अशा औषधांची चिठ्ठी, डॉक्टरांनी तसं लिहिलेलं नसेल तर, एकदाच वापरता येते. पाकिटावर लाल पट्टी आणि शेड्यूल एचचा (चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा औषधांच्या यादीचा) इशारा असतो तो त्यासाठीच. दुकानदाराला भेटले. त्यांनी नियम नाकारला नाही. "मी नाही दिली तर मावशींचा मुलगा समोरच्या दुकानातून नेणार, वर गिऱ्हाईक माझं तुटणार." हे त्यांचं म्हणणं खोटं नाही, आणि एकट्या दुकानदाराला नीतीचे धडे देऊन ते सुटणारही नाही. आम्ही एक छोटी गोष्ट मागितली: औषध दिलं की चिठ्ठीवर तारखेचा शिक्का मारायचा. शिक्के वाढत गेले की पुढच्या डॉक्टरांना न विचारता कळतं की दहा दिवसांचं औषध किती महिने चाललं आहे. त्यांनी शिक्का बनवून घेतला. समोरच्या दुकानाने अजून नाही.

आमच्या रुग्णालयात घरी सोडतानाच्या कागदात दोन रकाने वाढले: 'कशासाठी' आणि 'कधी थांबवायचं'. दोन्ही मराठीत भरायचे. पहिल्या आठवड्यांत निवासी डॉक्टरांनी 'कधी थांबवायचं' खाली सरसकट 'डॉक्टरांच्या सल्ल्याने' लिहिलं. ते आम्ही परत पाठवत राहिलो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये औषध लिहिण्याच्या ज्या सहा पायऱ्या सांगितल्या, त्यातली सहावी देखरेख ठेवण्याची आणि उपचार थांबवण्याची आहे, हे मुलांना तोंडपाठ असतं. रकाना भरताना पेन तिथेच अडतं. आता मुदत लिहिली जाते. 'कशासाठी'च्या रकान्यात पँटोप्राझोलपुढे अजूनही अनेकदा नुसतं 'पित्त' असं येतं, आणि दर शुक्रवारच्या बैठकीत त्या एका शब्दावर आमची चर्चा होते: कुठलं पित्त, कशामुळे, आणि ते कारण काढलं का?